पोरांच्या चुका व थोरांचें हंसें

लहान मुलाच्या वहीइतकी विनोदी वस्तु घरांत दुसरी नसेल, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. 'पोटांत कावळे ओरडणें' या वाक्प्रचाराचा वाक्यांत उपयोग करावयास सांगितला असतां 'बाबांच्या पोटांत कावळे ओरडूं लागले म्हणून त्यांना दवाखान्यांत नेलें' असें लिहिणारा विद्यार्थी दर वर्षीं कोणत्या ना कोणत्या तुकडींत असतोच. कांदा २० रुपये किलो असल्यास ५ किलो कांद्याचे किती रुपये होतील, या उदाहरणाखालीं उत्तराच्या जागीं 'एवढा भाव मिळत नाहीं' असें लिहून मोकळा होणारा शेतकऱ्याचा मुलगा आपल्या जिल्ह्यांत तरी नवलाचा नव्हे. 'आमच्या घरचे पाहुणे' या विषयावर दहा ओळी लिहावयाच्या असतात. सात ओळी सरळ जातात. आठवींत 'पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, गेले बाई एकदांचे' हें वाक्य येतें. आणि वही तपासणाऱ्या बाई नेमक्या त्याच पाहुण्यांच्या शेजारीं राहत असतात.

अशा प्रसंगीं हंसूं नये असें सांगणारा मनुष्य आम्हांस थोडा संशयास्पदच वाटेल. ज्या घरांत मुलाच्या वहीवर कोणी हंसत नाहीं, त्या घरांत ती वही कोणी वाचतही नसावें. आमचें म्हणणें निराळें आहे. हें हंसें कोणासमोर होतें, आणि तें झाल्यावर त्या मुलाचें काय होतें, इकडे वडील मंडळींचें लक्ष असावें तितकें नाहीं.

पूर्वीं वहींतील चूक घरांत हंसून संपत असे. फार तर ती आजोळीं पोहोंचे, आणि आजी ती ऐकून नातवाच्या तोंडावरून हात फिरवी. आतां वहीच्या पानाचें छायाचित्र मोबाईलवर निघतें आणि चहा निवण्याच्या आंत तें व्हॉट्सॲपवरून पुणें, सुरत व दुबई येथील चाळीस नातलगांच्या हातांत पडतें. पानाच्या वरच्या कोपऱ्यांत मुलाचें नांव, इयत्ता, तुकडी व हजेरी क्रमांक हीं सर्व स्वच्छ दिसत असतात. ज्याची चूक, त्यास मात्र कोणी विचारलेलें नसतें. पुढें केव्हां तरी एखाद्या लग्नांत, ज्यांस त्यानें जन्मांत पाहिलें नाहीं असे काका त्याचा गाल ओढून म्हणतात, "काय रे, कावळे काय म्हणतात?" आणि मंडप हंसतो. मुलगाही हंसतो, कारण त्यास दुसरा मार्ग नसतो. त्यानंतर ती वही दप्तराच्या तळाशीं जाते व मागितल्याशिवाय वर येत नाहीं. असीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. पुढील महिन्यांत त्यांच्या वहींत चुका फारच कमी आढळतात. कारण तीं फळ्यावरचें तेवढें उतरवून घेतात, स्वतःचें वाक्य लिहीतच नाहींत. पालकांस वाटतें, मूल सुधारलें.

आतां ही जी चूक आपणांस इतकी हंसवते, ती असते तरी काय? झां पियाजे नांवाच्या स्विस विद्वानाची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १९२० च्या सुमारास ते पॅरिस येथें मुलांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या तपासण्याचें काम करीत असत. काम सोपें होतें. बरोबर उत्तरें मोजावयाचीं व चुकलेलीं सोडून द्यावयाचीं. पण त्यांचें लक्ष चुकलेल्या उत्तरांवरच खिळलें; कारण एका वयाचीं मुलें एकाच तऱ्हेनें चुकत होतीं. त्या चुकांमागें कांहीं विचार असला पाहिजे, असें त्यांस वाटलें व ते मुलांस 'असें कां?' म्हणून विचारूं लागले. त्यांचें पुढील सर्व कार्य या प्रश्नांतून निघालें.

पॅरिसला जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत शिक्षकानें 'पंचवीस' म्हणावें आणि पाट्यांवर पाहावें. चार-दोन पाट्यांवर ५२ असतात. आपण म्हणतों, पोर वेंधळें आहे. वस्तुतः त्यानें ऐकलें तेंच लिहिलें. 'पंच' आधीं ऐकूं आलें, पांच आधीं लिहिले. 'वीस' मागून आले, दोन मागून लिहिले. शब्दांत एकक पुढें आणि अंकांत दशक पुढें, हा उलटा व्यवहार आपल्या भाषेनें केलेला आहे. जर्मन भाषेनेंही केला आहे, आणि तेथील मुलेंही अशींच अडखळतात. 'एकोणतीस' ऐकून ३१ लिहिणारें मूल तर आम्हांस विशेष हुशार वाटतें. त्यानें 'एक' आणि 'तीस' हीं दोन्ही ऐकलीं व प्रामाणिकपणें मिळवलीं. त्यांतून एक वजा करावयाचा असतो, हें कोणी सांगितल्याशिवाय कसें कळावें? बरें, हा नियम लक्षांत ठेवून तें नव्याण्णवपर्यंत आलें, तर तेथें भाषाच आपला नियम मोडते. 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाहीं.

ह्याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक', 'पंचवीस'च्या जोडीस 'वीस पांच' अशी वाचनाची रीति दिली गेली. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्या होत्या. जुने शब्द काढून टाकलेले नाहींत, जोडाक्षरांनीं व उलट क्रमानें गोंधळणाऱ्या मुलांस एक पायरी दिली आहे, असें त्यांनीं वारंवार समजावून सांगितलें. महाराष्ट्रांत त्या वेळीं जो गदारोळ झाला तो वाचकांस आठवत असेल. थट्टा विधिमंडळापर्यंत पोहोंचली. ती रीति चांगली कीं वाईट, ह्याविषयीं शिक्षकांत प्रामाणिक मतभेद असूं शकतो. आम्ही त्यांत पडत नाहीं. पण त्या सबंध वादांत, ५२ लिहिणाऱ्या मुलास काय वाटत असेल हा प्रश्न विचारणारे फार थोडे निघाले. भाषेचा अभिमान दुखावलेले पुष्कळ निघाले.

अगदीं लहान मुलांच्या बोलण्यांतही हेंच दिसून येतें. 'मी जालो', 'मी करलं' असें तीन-चार वर्षांचें मूल म्हणतें, आणि घरभर हंशा पिकतो. बसला, उठला, तसा 'जाला'. ह्यांत चुकलें कोठें? 'जाणें' या धातूचा भूतकाळ 'गेला' होतो हें त्यानें ऐकलें असेल. पण नियम त्यानें स्वतःच्या बुद्धीनें शोधून काढला, त्यास कोणी शिकविला नव्हता. शाळेंत येईपर्यंत बहुतेक मुलें 'गेलो' म्हणूं लागतात. क्वचित् एखाद्याच्या पहिल्या निबंधांत 'आम्ही यात्रेला जालो' असें उतरतें. तेथें लाल रेघ ओढावीच लागते. आमचा तिला विरोध नाहीं. रेघेबरोबर उद्गारचिन्हें तीन काढण्याचें कारण नाहीं, इतकेंच.

शुद्धलेखनाविषयीं तर थोरांनीं फारच जपून हंसावें. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनें मान्य केले व त्यांनीं मराठींतील शेंकडों अनुस्वार एका फटक्यासरशीं काढून टाकले. त्यापूर्वीं 'नांव', 'गांव', 'पांच' ह्यांवर टिंब न देणाऱ्या मुलास छडी मिळे. त्यानंतर टिंब देणाऱ्याचे गुण जाऊं लागले. प्रस्तुत लेख आम्हीं आमच्या आवडीच्या जुन्या वळणानें लिहिला आहे. आजच्या नियमानें तो तपासणारा शिक्षक पहिल्या परिच्छेदांतच लाल शाई संपवील. आपल्या जिल्ह्याचेंच पाहा. भूगोलाच्या पेपरांत २०२४ पूर्वीं 'अहमदनगर' लिहून पूर्ण गुण मिळत. आतां 'अहिल्यानगर' लिहावें लागतें. आणि बोलतांना मात्र पुष्कळ लोक पूर्वीं 'नगर' म्हणत, आजही 'नगर'च म्हणतात. 'पानी', 'लोनी', 'व्हतं' असें लिहिणारा मुलगा अशुद्ध लिहितो हें खरें. पण तो आपल्या आईचें बोलणें बिनचूक लिहीत असतो. प्रमाण भाषा त्यास शिकविलीच पाहिजे, तिच्यावांचून त्याचें पुढें अडेल. परंतु ती शिकवितांना आईच्या बोलण्यावर वर्ग हंसला, तर तो दोन भाषांपैकीं कोणती टाकून देईल ह्याचा नेम नाहीं.

आणि कांहीं चुका चुकाच नसतात. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरेच्या कांठीं १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर एकामागून एक कारखाने झाले. आणि दिवाळी झाली कीं पाथर्डी-शेवगांवकडचीं, बीडकडचीं कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन उंसाच्या फडांवर येतात. ऊंसतोडींत नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हिशेब होतो तो कोयत्याचा. एकटाच माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. अशा कुटुंबांतील एखादी मुलगी दुसरींत बसली आणि 'तुझ्या घरीं किती माणसें आहेत?' ह्या प्रश्नापुढें तिनें 'एक कोयता, आजी, मी आणि भाऊ' असें लिहिलें, तर वाचणारा पहिल्यानें हंसेल. हंसल्यावर क्षणभर थांबून त्यानें विचारलें, 'कोयता म्हणजे काय ग?', तर ज्या गोष्टी नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत नाहींत त्या ती मुलगी त्यास सांगेल. न विचारतां त्यानें तें उत्तर मोठ्यानें वाचून दाखविलें, तर ती पुढच्या वेळीं 'चार माणसें' लिहील किंवा 'पांच' लिहील. आणि फड संपण्यापूर्वींच बहुधा शाळेंत येणें सोडील. तिचें उत्तर अचूक होतें. अपुरा होता तो आपला शब्दसंग्रह.

मुलाच्या चुकीची लाज वाटते ती मुळांत कोणास? महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत राजकोटच्या हायस्कुलांतील पहिल्याच वर्षाचा प्रसंग सांगितला आहे. जाईल्स नांवाचे इन्स्पेक्टर शाळा तपासावयास आले आणि त्यांनीं स्पेलिंगसाठीं पांच शब्द घातले. त्यांतील 'केटल' हा शब्द मोहनदासास चुकला. वर्गशिक्षकांनीं बुटाच्या टोंकानें खुणावून, शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घे, असें सुचविलें. तें त्यास कळलेंच नाहीं, कारण शिक्षक उभे आहेत ते मुलांनीं उतरवूं नये म्हणून, अशी त्याची समजूत. इतर सर्वांचे सगळे शब्द बरोबर आले. चूक मुलाची होती खरी. पण त्या दिवशीं खाली मान घालण्याची भीति शिक्षकांस होती. आमच्या मतें घरोघरीं हेंच चालतें. मुलाच्या वहीकडे पाहून आईबापांचा जीव खालींवर होतो तो बऱ्याचदां शेजारच्या वहीच्या धाकानें; आणि तीच धास्ती कधीं रागाच्या, कधीं हंशाच्या रूपानें बाहेर पडते.

ह्या गोष्टींत आणखी एक बाब ध्यानांत घेण्याजोगी आहे. 'केटल'ची फजिती साऱ्या जगास ठाऊक झाली, पण ती गांधींनीं स्वतः सांगितली म्हणून. मोठेपणीं, आपल्या शब्दांत, आपणांस वाटेल तितकीच. आमच्या दृष्टीनें सगळा फरक येथें आहे. ह्याचें आपल्या जिल्ह्यांतील उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा संसार नगर व राहुरी येथें पुष्कळ वर्षें झाला. त्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. अक्षरओळख लग्नानंतर नारायण वामन टिळकांनीं करून दिली. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं स्वतःचें अज्ञान, स्वतःच्या फजित्या ज्या मोकळेपणानें सांगितल्या आहेत, त्या वाचून मराठी माणूस आजही हंसतो. पण त्या हंशांत लक्ष्मीबाई सर्वांच्या पुढें असतात. आपण त्यांच्या मागून हंसतों. तेच प्रसंग दुसऱ्या कोणीं त्यांच्याविषयीं, त्यांस न विचारतां छापले असते, तर तें पुस्तक कोणी जवळ ठेवलें नसतें.

मुलाच्या वहींतील पान चव्हाट्यावर येऊंच नये, असें मात्र नव्हे. १८५५ सालीं पुण्यांतील जोतीराव फुले यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग समाजांतील, सुमारें चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. १८४२ सालीं आपल्या नगरांत सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्रांत तो छापून आला. शाळेंतील मुलीचें लिखाण होतें. पण संपादकांनीं तें गंमत म्हणून छापलें नाहीं, तिचें म्हणणें म्हणून छापलें. म्हणूनच आज पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी तो निबंध वाचला जातो. मुलाचें लिखाण चारचौघांत न्यावयाचें तर तें अशा मानानें न्यावें. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत, ज्यास आपल्या देशानें १९९२ सालीं संमति दिली, मुलाचें खासगी जीवन व त्याची अब्रू ह्यांस संरक्षण सांगणारें सोळावें कलम आहे. कराराचें नांव काढल्यावर कांहीं पालक हंसतील, हें आम्ही जाणतों. दहा वर्षांच्या पोराची कसली अब्रू, असें त्यांस वाटेल. ज्याला अशी शंका असेल त्यानें आपलीं स्वतःचीं तिसरी-चौथींतील गुणपत्रकें कार्यालयांतील सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकून पाहावीं.

घरीं काय करावें, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, सुचविण्याचा आहे. वही उघडून हंसूं आलें तर मुलास जवळ बसवून घ्यावें व तें वाक्य त्याच्याकडूनच वाचून घ्यावें. निम्म्या वेळां तें स्वतःच हंसूं लागतें, आणि मग सर्वांनीं मनसोक्त हंसावें. उरलेल्या वेळां तें गंभीर राहतें. तेव्हां 'असें कां लिहिलेंस?' एवढेंच विचारावें आणि उत्तर ऐकावें. मोबाईल तोंपर्यंत दुसऱ्या खोलींत असलेला बरा. शिक्षकांनीं वर्गांत चुकीचें उत्तर वाचून दाखवावयाचें असेल तर नांव घेऊं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, नांव न घेतां वाचलें असतां मागें वळून 'हा तुझाच ना?' असें डोळ्यांनीं विचारण्याची जी तुमची कला आहे, तिचाही ह्यांत समावेश होतो.

'मुलांच्या वहींतील गमती' असें एक सदर मासिकांत असावें, अशी सूचना कांहीं पालकांकडून आली आहे, व नमुन्यादाखल पानेंही आलीं आहेत. तीं आम्हीं जपून परत पाठविलीं आहेत. सदर मात्र पुढील अंकापासून सुरू होईल. त्यांत ज्याची चूक त्यानेंच ती लिहून द्यावी, आपण तसें कां लिहिलें होतें तेंही दोन ओळींत सांगावें, आणि नांव द्यावयाचें कीं नाहीं तें स्वतः ठरवावें. त्यासाठीं एक पेटी वाचनालयाच्या दाराशीं ठेवली आहे. आजपर्यंत तींत सात चिठ्ठ्या पडल्या. पांच विद्यार्थ्यांच्या आहेत, एक शिक्षकांची आहे. सातवी एका आजोबांनीं नातीच्या हातीं पाठविली असून ती त्यांच्या स्वतःच्या दुसरींतील वहीविषयीं आहे. ती आम्ही सर्वांत आधीं छापणार आहों.